आरशाची लेन्स

चाकणच्या कंपनीत ज्योतीरामनं एकतीस वर्षं एकच काम केलं. प्रेसमधून निघालेला पत्र्याचा पार्ट उचलायचा, उजेडात धरायचा, आणि केसाएवढी जरी चीर दिसली तरी लाल टॅग लावून बाजूला टाकायचा. एकदा टॅग लावला की लावला. मग मॅनेजर हात जोडू दे नाहीतर प्रॉडक्शनवाले शिव्या घालू देत, हा बाबा टॅग काढायचा नाही. कंपनीत त्याचं कोण कौतुक! घरात असला माणूस म्हणजे काय ताप असतो, ते घरच्यांनाच ठाऊक.

घरचे म्हणजे तरी कोण, एक लेक, करिष्मा. बायको कुसुम लेक तिसरीत असतानाच काविळीनं गेली. औशाकडचं गाव सोडून मोशीत आलेला हा माणूस, इथं ना भाऊ ना भावकी. शेजारच्या सरूबाईकडून वेण्या घालायला शिकला, पोळ्या लाटायला शिकला. पहिल्या शिफ्टला जायच्या आधी पोरीचा डबा भरून ठेवायचा. दुसरं लग्न कर म्हणून गावाकडून लोक मागे लागले, त्यांनाही लाल टॅग लावला.

या लेकीचं तोंड त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते तुपात. करिष्मा मूळ नक्षत्रावर जन्मली. बापानं शांत होईपर्यंत तोंड बघायचं नाही, असं भटजींनी बजावलं. सव्वीस दिवस हा पठ्ठ्या दाराबाहेर उभा राहून नुसतं रडणं ऐकायचा. सत्ताविसाव्या दिवशी शांत झाली. काशाच्या वाटीत पातळ केलेलं तूप, कुसुमनं पोरीला मागून वर धरलं आणि ज्योतीरामनं वाटीत वाकून बघितलं. तुपात एक एवढंसं तोंड जांभई देत होतं. त्याला त्या वेळी जे वाटलं ते त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही, पण ती वाटी त्यानं पुन्हा कुणाला जेवणात घेऊ दिली नाही.

त्याला नाद एकच, फोटोचा. तळेगावात एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं स्टुडिओ मोडला, तेव्हा त्याच्याकडून यानं एक लेन्स आणली. पाचशे एमएमची, पण चहाच्या डब्याएवढी आखूड. एरवी पाचशेची लेन्स म्हणजे हातभर नळकांडं. ही आखूड, कारण हिच्यात आरसे. उजेड आत शिरतो, मागच्या गोल आरशावर आपटून पुढं येतो, समोरच्या काचेच्या मधोमध चिकटवलेल्या छोट्या आरशावर आपटून परत मागं जातो आणि मग कॅमेऱ्यात पडतो. एवढा लांबचा रस्ता आतल्या आत घडी घालून ठेवलेला. फोकस हातानं करायचा, अंगठ्याएवढं इकडंतिकडं झालं की सगळं पुसट.

करिष्मा तेव्हा दहा वर्षांची होती. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतून इंद्रायणीच्या काठावरचे बगळे दोघं बघायचे. तिला आरशांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबा, आपण खरा बगळा बघतच नाही. आरशातला बघतो."

"तसंच म्हण की."

"मग बगळ्याला कळतच नसेल, कुणी बघतंय म्हणून."

फोकसबाहेर गेलेल्या पाण्यावरची चमचम त्या लेन्समध्ये गोल गोल कड्यांसारखी दिसते. आरशाच्या लेन्सची ती खोडच आहे, जाणकार नाकं मुरडतात. करिष्मा मात्र ओरडायची, "बाबा, बांगड्या! पाण्यात बांगड्या!"

पुढं ती शिकली, चाकणलाच एका कंपनीच्या ऑफिसात लागली. पहिल्या पगारातून तिनं बापासाठी एक्स्टेंडर आणला. लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायचा डबीएवढा तुकडा, पण पाचशेचे हजार करतो. फुकट करत नाही, उजेड खातो. चित्र इतकं काळं पडतं की भर उन्हातसुद्धा डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागतं. म्हणून ज्योतीराम गच्चीतल्या पांढऱ्या टाकीशेजारी स्टँड लावायचा, टाकीच्या पाइपाला मोठी काळी छत्री बांधायचा आणि कापड घेऊन तिच्याखाली बसायचा. सकाळी नऊ ते दहा. दहानंतर कंपन्यांचे पत्रे तापतात, हवा थरथरते आणि चित्र उकळल्यासारखं हलायला लागतं. करिष्मा हसायची. "बाबा, लांबून तुम्ही छत्री रिपेअरवाले दिसता!"

अशी ही लेक. आणि तिनं एका गुरुवारी आळंदीला जाऊन लग्न केलं.

मुलगा नदीपलीकडच्या गावातला, जयदीप. जुनं शेतकरी घर, आता कंपन्यांना टेम्पो लावतो. मुलात खोट काढायला जागा नव्हती. तोच तर घोळ झाला! खोट असती तर ज्योतीराम भांडला असता, चार दिवस जेवला नसता आणि पाचव्या दिवशी विरघळला असता. त्याला लागलं ते वेगळंच. आपल्याला विचारलं नाही. वेण्या घातल्या, डबे केले, आणि पोरीला एवढंसुद्धा वाटलं नाही की बापाला सांगावं. खरं म्हणजे ती त्याच्या त्या टॅगला भ्याली होती. नाही म्हणाला तर मरेपर्यंत नाहीच म्हणेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

दोघं हार घालून दारात आली, पाया पडायला वाकली. जिन्यात शेजारीपाजारी जमलेले. ज्योतीरामनं पाय मागं घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून मी तुझं तोंड बघणार नाही. देवाशपथ."

दार लावलं. मोबाईलमध्ये तिचा नंबर बंद केला, नवऱ्याचाही. पुढं जयदीप दोनदा येऊन बेल वाजवून गेला, यानं उघडलं नाही. झालं.

झालं म्हणायचं खरं, पण माणूस काय पत्र्याचा पार्ट असतो? रात्रंदिवस तिची आठवण काळीज कुरतडायची. वर्ष गेलं. एका रविवारी गच्चीवरून तो एका घारीच्या मागे लेन्स फिरवत होता. घार नदी ओलांडून पलीकडं गेली, लेन्स मागोमाग गेली, आणि पलीकडच्या एका गच्चीवर थांबली. करिष्मा कपडे वाळत घालत होती. पोटाशी झोळीत मूल.

चित्र हललं, ज्योतीरामनं श्वास धरून फोकस पुन्हा लावला. कानातलं दिसलं. कपाळावरची बट दिसली. मग एकदम त्याला शपथ आठवली आणि तो विंचू चावल्यासारखा मागं सरकला.

आता बघा, हट्टी माणसाचं डोकं कसं चालतं. शपथ तर मोडायची नाही आणि बघितल्यावाचून राहवतही नाही. खूप वेळ तो टाकीला टेकून बसला, आणि त्याला ती तुपाची वाटी आठवली. तुपात बघितलं ते बघणं धरलं नव्हतं ना शास्त्रानं? म्हणूनच तर तशी सोय ठेवली. मग ही लेन्स तर नुसती आरशांचीच. दोन लेन्समध्ये, तिसरा कॅमेऱ्यात. तीन आरशांतून पडलेली ती पडछाया, ते काही तोंड बघणं नव्हे. कुणाला विचारलं नाही, स्वतःच कायदा केला आणि स्वतःच पास केला. फोटो मात्र काढायचा नाही, कारण फोटो म्हणजे समोरासमोर बघणं झालं. बटणावर बोट ठेवायचं नाही, नुसतं बघायचं.

तीन वर्षं हे चाललं. दर रविवारी नऊ वाजता छत्री बांधायची. आणि नशीब असं की छत्री बांधून फोकस लावेपर्यंत करिष्मा गच्चीवर हजर. कधी कपडे, कधी कुरडया, कधी पोरीला उन्हात बसवून तेल लावणं. ज्योतीराम मनाशी म्हणायचा, पोरीला वेळेची शिस्त आहे, माझीच ना. कधी ती पोरीला उचलून नदीकडं बोट दाखवायची, हात हलवायला लावायची. बगळे दाखवत असेल, याला वाटायचं. नात रांगताना, उभी राहताना, धपकन पडताना त्यानं बघितली. तिचं नाव काय हे त्याला माहीत नव्हतं. उडत गेलं तर अर्धा किलोमीटर, हायवेच्या पुलावरून गेलं तर चार. तेवढं तो कधी गेला नाही.

रिटायर झाल्यावर त्याला आठवड्याचे सहा दिवस खायला उठायचे. नात चालायला लागली तशी त्याची शपथ झिजत चालली होती, हे त्यालाही कळत होतं. अक्षय्य तृतीयेला जाऊ, असं एकदा ठरवलं. मग दिवाळीला. इस्त्रीचा शर्ट कपाटात टांगून ठेवला होता. दर वेळी वाटायचं, आधी तिनं यावं, पुन्हा एकदा दारात वाकावं, मग आपण काही पाय मागं घेणार नाही.

आणि मग तो रविवार आला.

नऊ वाजता छत्री बांधली. करिष्मा आली, पण हातात कपडे नव्हते. टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा होता. ती कठड्याशी आली, चेहरा ओढलेला, मध्येच थांबून दम घेतला. मग पुठ्ठा छातीशी धरून सरळ याच्याकडं बघायला लागली. सरळ. लेन्सच्या आत, तिन्ही आरशांच्या आत.

पुठ्ठ्यावर काळ्या रंगानं मोठाली अक्षरं होती. पहिला शब्द वाचला. बाबा.

ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे हिला माहीत आहे! तीन वर्षं आपण चोरून बघतोय, ते हिला माहीत आहे. त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. चोर पकडला गेला की आधी चिडतो, तसा तो चिडला. खाली काय लिहिलं असेल? माफ करा? आता पुरे करा? की शपथेचं काय झालं, असं? वाचलं की उत्तर द्यावं लागणार, वाचलं की शपथ संपली, आणि संपवायची ती आपण, हिनं पुठ्ठा दाखवून नव्हे. त्याच्या बोटांत एकतीस वर्षांचा लाल टॅग होता. त्यानं फोकसची रिंग फिरवली.

अक्षरं आधी दुहेरी झाली, मग फुगली, मग विरघळली. करिष्मा विरघळली. मागच्या पत्र्यावरचं ऊन तेवढं राहिलं, त्याच्या बांगड्या झाल्या. ज्योतीराम तसाच बसला. बऱ्याच वेळानं रिंग मागं आणली तेव्हा गच्ची रिकामी होती.

आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. काय लिहिलं होतं? बुधवारी शर्ट काढून अंगात घातला, चप्पल घातली, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. रविवारी विचारू, म्हणाला. रविवारी ती पुन्हा पुठ्ठा धरेल, या वेळी वाचायचं, आणि तिथूनच तडक निघायचं. एवढं ठरल्यावर त्याला हलकं वाटलं.

रविवारी तो साडेसातलाच गच्चीवर गेला. मोबाईल खाली चार्जिंगला, दाराला कुलूप. छत्री बांधली, स्टँड लावला, कापड घेतलं. तिच्या गच्चीवर कुणी नव्हतं. वाट बघितली. आठ वाजले, साडेआठ वाजले. मग त्यानं लेन्स जरा खाली केली आणि अंगण दिसलं.

अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पांढऱ्या टोप्या होत्या. बायका भिंतीशी बसलेल्या. एक जण बांबू बांधत होता.

कुणीतरी गेलंय. म्हातारी गेली असणार, करिष्माची सासू यशोदाबाई. ज्योतीरामला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, मनात एक विचारही आला की आता भेटायला जायला निमित्त झालं. मयताला कुणी कुणाला अडवत नाही. मग त्याला यशोदाबाई दिसली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मोकळं कपाळ, मोकळे हात.

मग बांबूवर त्यांनी जे आणून ठेवलं, त्यावर हिरवी साडी होती.

हिरवी साडी सवाष्णीला नेसवतात. त्या घरात सवाष्ण एकच होती.

त्यानं रिंग धरली. रिंग कुठल्या कुठं फिरली, घर, माणसं, आभाळ सगळं एकात एक कालवलं गेलं. त्यानं दातांत कापड धरलं आणि फोकस लावला. हजार एमएम. उजेड पावभर. एक क्षण, फक्त एक क्षण चित्र स्थिर झालं. मळवट भरलेलं कपाळ. मिटलेले डोळे. कपाळावरची ती बट कुणीतरी नीट मागं सारलेली.

स्टँड कलंडला, त्यानं मागं बघितलं नाही. जिने कसे उतरला, स्कूटर कशी काढली, त्याला कळलं नाही. हायवेवर चाकणकडं जाणारे कंटेनर एकाला एक चिकटून उभे. रविवार असो नाहीतर सोमवार, त्या रस्त्याला सुट्टी नाही. ज्योतीराम हॉर्न दाबत होता, ओरडत होता, "अरे माझी लेक हाय रे तिकडं, सोडा की!" कुणी काच खाली केली नाही. पुलावर त्यानं स्कूटर कठड्याला टाकली आणि पळत सुटला. बासष्ट वर्षांचा माणूस, एका पायात चप्पल.

तो पोचला तेव्हा नदीकाठी धूर चढला होता.

ज्वाळांपुढं जाऊन तो उभा राहिला. जयदीप जमिनीवर बसला होता, त्यानं वर बघितलं. ज्योतीरामनं तोंड शोधलं. लाकडं होती, आग होती. तोंड बघायचं राहिलं. देवाशपथ घेतली होती ना चार वर्षांपूर्वी, जिन्यात, चार लोकांसमोर? घ्या, शपथ पुरी झाली. कुठंही मोडली नाही. पहिलं तोंड तुपात आणि शेवटचं आरशात.

घरी आणून त्याला ओसरीवर बसवलं. यशोदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हातारी समोर बसली आणि म्हणाली, "पाव्हणं, काळजाची झडप खराब व्हती तिची. ल्हानपणच्या तापानं, म्हन्लं डाक्तर. गुरवारी आपरेशन झालं, आज पाटं गेली. शेजारच्या विक्कीला धाडला व्हता तुमच्याकडं सकाळच्याला, कुलूप व्हतं. माह्यारची साडी अंगावर पडल्याबिगर कसं न्यायचं, म्हनून थांबलो तासभर. शेवटाला तुमच्या मुलखातला एक भाडेकरू हाय, त्यानं माह्यारचा म्हनून घातली."

ज्योतीरामनं गळ्यात तसंच राहिलेल्या काळ्या कापडाचा बोळा तोंडात धरला.

"मी म्हन्लं, जयदीपला धाडते, त्यो पाय धरील त्यांचं. तर न्हाई म्हन्ली. मी लिवून दावलंय, म्हन्ली. बाबांच्या डोळ्यातनं कायबी सुटत न्हाई. वाचलंय त्यांनी, येत्यालच. आपरेशनला नेताना बी दाराकडंच बघत व्हती बया."

पुठ्ठा दारामागेच होता. ज्योतीरामला तो दिसला, या बाजूनं, हातभर अंतरावरून, कुठल्याही काचेशिवाय.

बाबा
गुरुवारी माझं ऑपरेशन आहे
भीती वाटते
या

"मी वाचलं न्हाई, बाई," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी वाचलंच न्हाई. वाचलं असतं तर आलो असतो ओ." आणि मग पाच-सहा वेळा तेच म्हणाला. ते जिला सांगायचं ती वाचून न आलेल्या बापाची वाट बघत गेली, आणि आता तिला हे कोण सांगणार? यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. जयदीप खांबाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडं तिचे फोटो असतील ना? गच्चीवरचे? ती म्हणायची, बाबांनी माझे शेकडो काढले असतील."

ज्योतीरामनं नुसती मान हलवली. एकही नव्हता.

तेवढ्यात आतून नात आली. तीन वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. तिनं या रडणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या एका पायातल्या चपलेकडं बघितलं आणि त्याचं बोट धरलं. "चला, वर चला. आज्जी, छत्री उघडलीय! मी सकाळीच खिडकीतनं बघितली. कुणी मला वर नेतच न्हाई."

"तनू, गप," जयदीप म्हणाला.

पण ज्योतीराम उठला. तिच्यामागे एकेक पायरी चढला. गच्चीवर दोऱ्या होत्या, दोऱ्यांना चिमटे होते. तनू कठड्याच्या जाळीशी गेली आणि नदीपलीकडं बोट केलं. इमारतींच्या गर्दीत एक पांढरी टाकी, आणि टाकीशेजारी काळा ठिपका. मोहरीएवढा. पण दिसत होता, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

"ते छत्रीवाले आबा हायेत," तनूनं त्याला समजावलं. "आईचे बाबा. ते रोज न्हाई येत, फक्त रविवारी. छत्री उघडली की आई काम टाकून पळत वर येते. आपण हात केला की त्यांना दिसतो."

"आणि ते?" ज्योतीरामनं विचारलं. "ते करतात का हात?"

"न्हाई. ते लांब हायेत ना." तिनं टाचा उंच केल्या आणि त्या काळ्या ठिपक्याकडं बघून दोन्ही हात हलवले, आईनं शिकवले तसे, मोठे मोठे. मग हात न हलवणाऱ्या या नव्या म्हाताऱ्याकडं वळून ती जरा रागानं म्हणाली, "तुमीबी करा की. त्यांना वाईट वाटंल."

ज्योतीरामनं हात वर केला.